तार्जोचा होकार

१९८६ साली सोलो शहरात बोलायला दोनच विषय होते. एक, पुत्र लावेयान संघाची तेगलच्या संघाशी होणारी उपांत्य लढत. आणि दुसरा, त्या संघाचा दूरच्या मेदान शहरातून आणलेला प्रशिक्षक. पहिल्या विषयावर लोक भांडत. दुसऱ्यावर सगळ्यांचं एकमत होतं, की हा माणूस धड नाही.

या एकमतात बू वारसिनी, म्हणजे वारसिनीबाई, सगळ्यांच्या पुढे होती. लावेयान पेठेत तिचा बाटिकचा कारखाना होता. पन्नाशी उलटली होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवऱ्याने मागे दोन गोष्टी ठेवल्या, रंगाचे हौद आणि फुटबॉलचं वेड. दोन्ही तिने त्याच्यापेक्षा बऱ्या सांभाळल्या. स्रिवेदारी मैदानाच्या लाकडी पायऱ्यांवर तिसऱ्या ओळीत ती बसायची. एका हातात उकडलेल्या शेंगा, दुसऱ्या हातात छत्री. ती छत्री उघडलेली फारशी कुणी पाहिली नव्हती, पण तिच्या आजूबाजूच्या जागा पुरुषमंडळी आपणहून मोकळ्या सोडत.

प्रशिक्षकाचं नाव मारुलाम सिहोतांग. दूरच्या बेटावरच्या बाताक जमातीचा माणूस, आवाज असा की साधं पाणी मागितलं तरी भांडण काढल्यासारखं वाटावं. सोलोत माणसं भांडतानासुद्धा कुजबुजतात. तिथे हा आला आणि पहिल्याच सरावात ओरडला, "बाह! तुम्ही खेळायला आलात की लग्नाला?" पोरांनी माना खाली घातल्या. गावाने त्याच दिवशी त्याला नापास केलं.

बू वारसिनीचं दुखणं मात्र आवाजाचं नव्हतं. हा माणूस गोल करण्यापेक्षा गोल वाचवायलाच बघायचा. एक गोल झाला की निम्मा संघ मागे ओढायचा आणि उरलेला वेळ चेंडू नुसता उडवत बसायचा. "घरात चोर शिरलाय का रे मेदानवाल्या?" ती तिसऱ्या ओळीतून ओरडायची. "सगळी माणसं दाराशी कशाला उभी केलीस?"

उपांत्य लढत दोन सामन्यांची होती. पहिला घरच्या मैदानावर, दुसरा पुढच्या रविवारी तेगलला. पहिल्यातच माती खाल्ली. उजव्या बगलेवरून वाऱ्यासारखा धावणारा तार्जो, ज्याच्यासाठी शेजारच्या गावांतून लोक सायकली हाणत यायचे, तो अख्खा सामना बाकावर बसून राहिला. त्याच्या जागी गितोला उतरवलं. गितो डावखुरा. उजवीकडून पळताना दर वेळी चेंडू डाव्या पायावर घ्यायला तो आत वळायचा आणि दर वेळी तेगलच्या तीन माणसांच्या मधोमध जाऊन पडायचा.

"अरे, उजव्या हाताची चप्पल डाव्या पायात घालतोस का?" बू वारसिनी संतापाच्या भरात काहीतरीच बोलून गेली, पण आसपासच्या लोकांना ते बरोबर कळलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सामना एका गोलने गेला.

सोमवारी 'सुआरा बेंगावान' वर्तमानपत्र अंगणात पडलं. त्यातलं खेळाचं पान कुंचोरो लिहायचा. कुंचोरो म्हणजे बू वारसिनीच्या भावाचा मुलगा, तिच्याच घरी लहानाचा मोठा झालेला, फुटबॉल तिच्याच शेजारी बसून शिकलेला. ती वाचायला लागली. पहिला परिच्छेद तिला पटला. पटणारच, कारण दाराशी उभ्या केलेल्या माणसांची तिची उपमा त्याने जशीच्या तशी उचलली होती. मग ती पुढे गेली.

"तार्जो तंदुरुस्त होता," कुंचोरोने लिहिलं होतं. "शुक्रवारच्या सरावात प्रशिक्षकाने त्याला विचारलं, रविवारी खेळशील का? तार्जोने होकार दिला. आमच्या प्रतिनिधीने तो स्वतःच्या कानांनी ऐकला. मग त्याला बसवला कोणाच्या भल्यासाठी? तेगलहून मेदानवाल्याकडे काही पोचलं होतं का?"

तिने मान वर केली. समोर यू पाइनाह कापडावर मेणाची रेघ ओढत होती. यू पाइनाह, म्हणजे पाइनाहताई, तार्जोची आई. वीस वर्षं तिच्या हाताखालच्या कापडावर एक ठिपका चुकून पडला नव्हता. आज दोन पडले होते.

"काय गं पाइनाह?"

"काही नाही, बू."

"तार्जो कुठंय?"

"घरीच आहे, बू. पाय उशीवर ठेवून."

तार्जो आला तो भिंत धरून. ओसरीच्या पायरीवर बसायला सांगितलं तर बसेना, उभाच राहिला.

"तार्जो, काल खेळू शकला असतास?"

पोरगा जमिनीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "इंग्गिह, बू."

सोलोत हा शब्द दिवसातून किती वेळा तोंडातून जातो याची मोजदाद नाही. अर्थ साधा आहे, होय. पण वडीलधाऱ्या माणसापुढे नाही म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. म्हणून आपल्याकडे नकारसुद्धा याच शब्दाने देतात. फक्त तो जरा थांबून येतो, जरा खालच्या आवाजात येतो, आणि नजर जमिनीला असते. हे शिकवावं लागत नाही. आईच्या कडेवरच्या पोरालाही कळतं.

बू वारसिनीने आदबीची भाषा सोडली आणि गल्लीतल्या पोरांसारखी बोलली. "ए, माझ्यापुढे इंग्गिह इंग्गिह करू नकोस. दुखतंय?"

"फार दुखतंय," तार्जो म्हणाला, आणि एकदम लहान झाला. "गुरुवारी गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला. वैद्यबाई म्हणाल्या, असाच पळलास तर कायमचा जाईल."

"मग शुक्रवारी मेदानवाल्याला काय सांगितलंस?"

"इंग्गिह म्हणालो. काय सांगणार? सगळं गाव म्हणतंय खेळ."

"आणि तो काय म्हणाला?"

"ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, बाह, हा तुमचा सोलोचा इंग्गिह मला आता कळायला लागलाय. तू बस."

बू वारसिनी उठून उभी राहिली. तो परका माणूस, ज्याला ती महिनोन्महिने छत्रीच्या टोकावर नाचवत होती, त्याला कळलं. आणि तिच्या घरात वाढलेल्या कुंचोरोला कळलं नाही? ती तशीच रिक्षात बसून वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली.

कुंचोरो खुशीत होता. आत्याला तो बुलिक म्हणायचा. "बुलिक! वाचलंत? दहाच्या आत सगळे अंक संपले."

"तू शुक्रवारी तिथे होतास?"

"होतो ना. दोन हातांच्या अंतरावर उभा होतो."

"तार्जोचा इंग्गिह कसा होता?"

कुंचोरोने सिगारेट पेटवली. "कसा म्हणजे?"

"थांबून आला की लगेच आला?"

"बुलिक..."

"नजर कुठे होती त्याची? सोलोचं पाणी प्यायलास ना रे तू? मेदानच्या माणसाला कळलं ते तुला नाही कळलं?"

"कळलं," तो म्हणाला, आणि हसला. "पण वर्तमानपत्रात नजर छापत नाहीत, बुलिक. शब्द छापतात. तो होय म्हणाला, मी होय लिहिलं. एक अक्षर खोटं दाखवा."

"आणि तेगलहून काही पोचल्याचं?"

"तिथे मी प्रश्नचिन्ह टाकलंय."

माणूस खोटं बोलला तर त्याच्या थोबाडीत मारता येते. हा खरं बोलून खोटं वागला होता, आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश होता. बू वारसिनीला त्या खोलीतल्या शाईच्या वासाचीही शिसारी आली. "उद्या खरं काय ते छाप," ती म्हणाली.

"उद्याचा मजकूर ठरलाय. संध्याकाळी संघाच्या मंडळाची बैठक आहे. प्रशिक्षक जाणार, सहायक येणार, आणि तो तार्जोला खेळवणार. गावाला तेच हवंय." मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्हीच तर या माणसाला सर्वांत जास्त शिव्या दिल्यात, बुलिक."

"मी त्याच्या अकलेला दिल्या. त्याच्या इमानाला नाही. एवढा फरक तुला शिकवायचा राहून गेला."

बैठक संघाचे अध्यक्ष देन मास पुर्वोको यांच्या घरी होती. राजवाड्याशी नातं सांगणारं घराणं, म्हणून नावाआधी देन मास ही पदवी, खांबांचा मोठा उघडा मंडप, गुळगुळीत थंड फरशी. सगळे अनवाणी, मांडी घालून बसलेले. गोड चहा फिरत होता. संघाचे कपडे बू वारसिनीच्या कारखान्यातून येत म्हणून तिलाही बोलावणं असे. बाईने बोलावं अशी अपेक्षा मात्र नसे. सिहोतांगला निर्णय होईपर्यंत बाहेर अंगणात उभं केलं होतं. कुंचोरो एका खांबाला टेकून बसला होता.

तार्जो मंडपाच्या कडेला एक पाय लांब करून बसला होता. पाय लुंगीसारख्या सारोंगने झाकला होता.

देन मास मऊ आवाजात म्हणाले, "तार्जो, गावाची इज्जत तुझ्या हातात आहे बाळ. रविवारी खेळशील ना?"

तार्जोने नजर खाली केली. मंडपात क्षणभर काहीच हललं नाही.

"इंग्गिह, देन."

तिथे बसलेला प्रत्येक पुरुष सोलोत जन्मला होता. प्रत्येकाने तो शब्द ऐकला, त्याच्या आधीची शांतता ऐकली, आणि प्रत्येकाने चहाचा घोट घेतला. "छान," कोणीतरी म्हणालं. "मग प्रश्नच मिटला."

बू वारसिनीने कप खाली ठेवला. ओरडावं तर तार्जोच म्हणेल, नाही नाही, मी बरा आहे. देन मासांचा शब्द पडू द्यायचा नाही म्हणून तो मरेल पण कबूल करणार नाही. तिने खांद्यावरचा शेला सारखा केला आणि अगदी शांतपणे, मंडपात शोभेल अशा भाषेत बोलली.

"तार्जो, एवढा मोठा मान देन देतायत आणि तू लांबूनच मान डोलावतोस? जवळ जा. रीतीने जा."

रीतीने म्हणजे काय ते तिथे सांगावं लागत नव्हतं. मोठ्या माणसापर्यंत जायचं ते उकिडवं बसून, कंबर न उचलता, एकेक पाऊल सरकवत. देन मासांना ते आवडलं. हल्लीची पोरं विसरत चालली होती. त्यांनी मान हलवली. आता कुणाला नको म्हणता येईना.

तार्जोने बू वारसिनीकडे पाहिलं. ती नजर तिला पुढे कितीतरी वर्षं नको असताना आठवत राहिली. मग तो उकिडवा झाला. एक पाऊल सरकला. दुसऱ्यासाठी भार उजव्या गुडघ्यावर आला आणि तोंडातून आवाज न काढता तो कुशीवर कोसळला. सारोंग सरकला. गुडघा नारळाएवढा झाला होता.

"बाह!" अंगणातून डरकाळी आली. "माणसं आहात की कोण?" सिहोतांग पायऱ्या चढून धावत आला, पोराला काखेत धरून उचललं, लांब करून निजवलं, स्वतःचा अंगरखा काढून गुडघ्याखाली दिला. "याच्यासाठी बसवला होता! याच्यासाठी! कुणी मला विचारलं का?"

बू वारसिनीला वाटलं, आता तरी लाज वाटेल. सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या होत्या खऱ्या. पण गुडघ्याकडे नाही.

"बूट," देन मासांच्या शेजारचा म्हातारा पुटपुटला. "बूट घालून मंडपात आला."

फरशीवर चिखलाचे ठसे उमटले होते. कुंचोरो ते लिहून घेत होता.

दुसऱ्या दिवशी छापून आलं: "मंडपाचा अपमान! मेदानच्या प्रशिक्षकाचं उद्दाम वर्तन." तळाशी चार ओळी होत्या: तार्जोच्या दुखापतीचा प्रश्न 'सुआरा बेंगावान'च्या पाठपुराव्यामुळेच मंडळापुढे आला. ते वाचून बू वारसिनी अंगणात जाऊन खरोखरच थुंकली. नंतर कारखान्यातल्या एका बाईने ती जागा पाण्याने धुतली.

सिहोतांगला काढलं ते बुटांसाठी. सामन्याचं किंवा पैशाचं कुणी नावही काढलं नाही. बालापान स्टेशनवर त्याला पोचवायला एकटी बू वारसिनी गेली.

"तार्जोचं तू बरोबर केलंस," ती म्हणाली. "बाकी सगळं चुकीचं केलंस. गितोला उजवीकडे टाकतात का?"

"दुसरा कोण होता, बू?"

"मागच्या फळीतल्या रुस्तामाजीला बगलेवर घ्यायचं आणि गितोला त्याच्या जागी मागे. साधी गोष्ट."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"प्रत्येक सामन्यात सांगत होते. तिसऱ्या ओळीतून."

"मला वाटलं, शिव्या देताय."

"शिव्याही देत होते."

तो एवढ्या मोठ्याने हसला की हमालांनी वळून पाहिलं. गाडी सुटली.

तेगलला सहायकाने संघ उतरवला. उजव्या बगलेवर पुन्हा गितोच होता. तीन गोलांनी हरले. वर्तमानपत्राने दोष पावसाला दिला.

तार्जोच्या गुडघ्यावर सेमारांगच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. वारा पुन्हा त्याच्या पायात आला नाही, पण चारेक वर्षं तो मधल्या फळीत डोक्याने खेळला आणि मग क्लातेनच्या एका शाळेत पोरांना शिकवायला लागला. वडीलधाऱ्यांना तो अजून इंग्गिहच म्हणतो. पोरांना मात्र दुखलं की ओरडायला सांगतो. यू पाइनाह शेवटपर्यंत मेणाची रेघ ओढत राहिली. देन मास पुर्वोको गेल्यावर घरचे मंडप भाड्याने लग्नांना द्यायला लागले. आता तिथे सगळेच बूट घालून शिरतात. गितोने सायकलींचं दुकान काढलं. त्याला त्या दोन सामन्यांचं कुणी विचारलं की तो अजून म्हणतो, मला डावीकडे खेळायचं होतं, कुणी विचारलंच नाही. सिहोतांग आपल्या मुलखात, पेमातांग सियांतारला परतला, तिथल्या एका संघाला त्याने वरच्या गटात नेलं, आणि तिथल्या वर्तमानपत्रांनीही त्याला फाडून खाल्लं.

कुंचोरो संपादक झाला, मग दूरचित्रवाणीवर गेला. कोट घालून सामन्याआधी आणि सामन्यानंतर बोलायचा, आणि दोन्ही वेळा ठाम असायचा. ईदच्या दिवशी तो दर वर्षी माफी मागायला लावेयानात येई, वाकून बू वारसिनीचे हात कपाळाला लावी आणि म्हणे, "बुलिक, चुकलंमाकलं माफ केलंत ना?"

ती क्षणभर थांबायची, फरशीकडे बघायची, आणि हळूच म्हणायची, "इंग्गिह."