उभ्यानं बोलायचं न्हाई

म्हाताऱ्याचं सुतक तेरा दिवसांचं, लेकराचं तीन. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. ज्यानं ठरवलं त्याच्या पोटात कधी लेकरू वाढलेलं नसणार, एवढं नक्की.

भादव्यात आमच्या धावडा गावात पटकीची साथ आली आणि आठवड्यात नऊ लेकरं घेऊन गेली. माझा धर्मराज त्यातलाच, सहा वर्षांचा. चौथ्या दिवशी आम्ही नऊजणी खुरपी घेऊन शेतात. "व्हतील अजून," म्हणत गडीमाणसं पान खायला मोकळी.

दिवाळी सरली, कपाशीची बोंडं घरात आली, तेव्हा मी दुपारची माझ्या ओसरीवर बायांना बोलवायला लागले. निमित्त बोंडं सोलायचं. हात गुंतले की तोंड सुटतं.

पहिल्या दिवशी साऱ्याजणी एकदम रडल्या आणि कुणाचं कुणाला ऐकूच आलं नाही. मग गोल बसायचं ठरलं, कुणाची कुणाकडं पाठ नको. एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी सोलायचं. उभ्यानं बोलायचं नाही; उभं माणूस एक तर हुकूम सोडतं, नाही तर निघायच्या घाईत असतं. "जाऊ दे, होईल अजून" जी म्हणेल तिनं उठून घागरभर पाणी आणायचं. आमच्यातल्या चतुराबाईनं पहिले आठ दिवस एकटीनं पाणी भरलं. "घागर झिजली गं गोजरबाई," मला म्हणायची, "जीभ काही झिजंना." ऊन उंबऱ्याला टेकलं की उठायचं, पण रडत्या तोंडानं नाही, गुळाचा खडा खाऊन.

हे सगळं मला चुकतमाकतच कळलं. सगळ्यात मोठी चूक मी आसराबाईच्या बाबतीत केली.

आसरा वीस वर्षांची, आबारावची सून. तिची लेक इंद्रायणी पटकीत गेली तेव्हापासून ती घरात, दारात, कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. खांबाला टेकून नुसती सोलायची. एक दिवस मला घाई झाली. म्हटलं, "आसरा, आता तू बोल." सगळ्यांचे हात थांबले. ती उठली आणि गेली. आठ दिवस आलीच नाही. नवव्या दिवशी टोपलं घेऊन मी तिच्या दाराशी जाऊन बसले. "चुकलं माझं, लेकी. बोलायला नको येऊ. बोंडं पडून राह्यलीत, सोलायला ये." आली.

पौषात काकासाहेब पाटील अंगणात येऊन उभे राहिले. पायात जोडा, मागं आबाराव.

"गोजरबाई, हे बंद करा. जमाव भरवायला परवाना लागतो. ठाण्यावर अमीनसाहेबाला कळवू?"

"कळवा की. बराबर लिवा, नऊ बाया बोंडं सोलून राह्यल्या, जल्दी फौज धाडा."

चतुराबाई नाकातून हसली. पाटलाचे कान लाल झाले.

"लई शानी! मंग ह्या आबारावच्या सुनेला बोलती कर. आत्ता, माझ्यापुढं. बोलली तर बसा खुशाल. न्हाई तर उद्या गाडी जुंपून तिला पिंपळगावला, माहेरी. ह्याच्या पोराला दुसरी करायची. काय आबाराव?"

आबाराव खांबाकडं बघत राहिला.

तिचा एक शब्द पुरला असता. मी तिचा हात धरून "एवढ्या बारी बोल, माय" म्हणाले असते, तर माझ्यासाठी ती बोललीही असती. आणि मग स्वतःसाठी कधीच बोलली नसती.

"न्हाई," मी म्हणाले.

"काय न्हाई?"

"हुकमावर इथं कुणी बोलत न्हाई. गाडी जुंपा, मी चाकापुढं बसते. पण तिला बोल म्हणणार न्हाई."

"तुझ्या हट्टापायी पोरीचं घर मोडंल!"

"माझ्या हट्टानं मोडतं का तुमच्या गाडीनं, ते गाव बघंल की."

बायांनी सोलणं चालूच ठेवलं. वाळल्या बोंडांचा तेवढा कडकड आवाज. खांबापासचा आवाज थांबला. आसरानं पदर नीट केला. पाटलाकडं तिनं पाहिलंच नाही.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली. आवाज गंजलेल्या कडीसारखा. "खाली बसा. उभ्यानं बोलायचं न्हाई इथं."

आबारावनं जोडा काढला. इंद्रायणीला खांद्यावर घेऊन शेतात जाणारा माणूस तो. त्यालाही तीनच दिवस मिळाले होते. गुडघे वाजवत तो गोलात बसला.

"आबाराव, उठा!" पाटील ओरडले.

"तुमी व्हा पुढं, पाटील. गाडी जुंपायची न्हाई."

त्यानं एक बोंड उचललं, हातातच फिरवत राहिला.

"पाणी मागत व्हती," तो म्हणाला. "लोक म्हणले, पटकीत पाणी देऊ नगा. मी न्हाई देऊ दिलं. हिच्या हातातून तांब्या वढून घेतला मी."

चतुराबाईनं तोंड उघडलं. मी घागरीकडं पाहिलं. तिनं मिटलं.

आसरानं आपल्या पुढ्यातली बोंडं हातानं सरकवून सासऱ्याच्या पुढ्यात केली. "मंग?" ती म्हणाली.

पाटील कधी गेले, कुणी पाहिलं नाही. ऊन उंबऱ्याला टेकलं, ओलांडून आतही आलं. त्या दिवशी आम्ही उठलो नाही.