पुसलेल्या रेषांचा हात

फौजेतून पेन्शनीवर आल्यावर कडेगावच्या जोतीरामनं साताऱ्याला एका कारखान्यावर वॉचमनची नोकरी धरली आणि वर्षाच्या आत सोडली. फाटकाजवळ उभं राहिलं की त्याचे डोळे जड व्हायचे आणि समोर लडाखचं पांढरं रान पसरायचं. तिथं चौकीवर, शेगडीभोवती बसून तो जवानांचे हात बघायचा. एका गढवाली सुभेदारानं त्याला ती विद्या दिलेली. आता तीच धरायची, असं त्यानं ठरवलं. गावातली हसतील, एवढंच त्याची बायको रंगूबाई म्हणाली. म्हणून त्यानं लांबचा बाजार निवडला.

चौऱ्याण्णवच्या थंडीत, कोरेगावच्या बाजारादिवशी, तो चिंचेखाली कांबळं अंथरून, हात बघण्याची पाटी लावून बसला. माणसं धुक्यातून यायची, त्याच्या पाटीकडं बघायची आणि पुन्हा धुक्यात विरून जायची. कुणी थांबेना. ऊन अंगावर आलं तशी जोतीरामची मान कलली.

डोळे उघडले तेव्हा समोर एक म्हातारा बसला होता. लालासाहेब त्याचं नाव. उभा जन्म गुऱ्हाळावर गूळ करण्यात गेलेला. त्यानं तळहात पुढं केला आणि जोतीराम बघतच राहिला. उकळत्या रसानं भाजून भाजून तो हात गुळगुळीत झाला होता. एक रेघ शिल्लक नव्हती.

"फुडचं नगं," म्हातारा म्हणाला. "मागचं सांगा. मंडळी जाऊन दोन सुग्या झाल्या. माज्यासंगं ती सुखात हुती का, तेवढं बघा."

जमत नाही म्हणून सांगावं आणि कांबळं गुंडाळावं, असं जोतीरामच्या मनात आलं. पण हात ऊबदार होता, सोडवेना. त्यानं डोळे मिटले. उसाच्या रसाच्या काहिलीतून वाफ उठत होती. वाफेपलीकडं, बांधावरून एक बाई येत होती. डोईवर भाकरीची पाटी, अंगावर हिरवं लुगडं.

"हिरवं लुगडं नेसून बांधावरनं यायच्या," तो हळूच म्हणाला.

"जांभळं," म्हातारा म्हणाला, आणि मग बराच वेळ बोलतच राहिला. ती भाकरी देऊन लगेच जायची नाही, काहिलीपाशी बसून फेसाकडं बघत राहायची. एकदा गरम गुळाचा खडा जिभेवर ठेवून पोरीसारखी नाचली होती. लेकाच्या लग्नावरून तिनं बोलणं टाकलं होतं, तेही त्यानं सांगितलं. बाजाराचा कालवा कुठंतरी लांब गेल्यासारखा झाला. ती बाई आपल्याला खरंच दिसली का, हे जोतीरामला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"मग? हुती का सुखात?"

"ते हातावर न्हाई, आबा. पर भाकरी दिऊन झाल्यावर बी ती बसायची. तुमीच सांगितलंसा."

म्हाताऱ्यानं हात काढून घेतला आणि झोपलेलं मूल ठेवावं तसा मांडीवर ठेवला.

पुढच्या बाजाराला जोतीराम पोचला, तेव्हा चिंचेखाली दोघी मायलेकी येऊन बसल्या होत्या. लालासाहेबानं पाठवलं म्हणून आई सांगत होती. लेक गुडघ्यावर ठेवलेला हात पालथा करायची, आणि पुन्हा उताणा करायची.