बलभीमची जागा

खाजाभाई मुकादम मुंबईहून लोहाऱ्याला आला की मोटारीतून उतरल्या-उतरल्या चार माणसं त्याच्या मागं लागायची. मुंबईच्या गोदीत त्याची टोळी होती. बोटींतल्या गासड्या, पोती, लोखंड उतरवायचं काम. टोळीतला एकूणएक माणूस त्यानं लोहाऱ्यातून नाहीतर आसपासच्या खेड्यांतून नेलेला. निजामाचं राज्य असताना त्याचा बाप हैदराबादेला हमालांचा मुकादम होता. राज्य गेलं, तसा खाजाभाईनं हैदराबादचा रस्ता सोडून मुंबईचा धरला. टोळी गावातून निघताना बायामाणसं त्याच्या हातात भाकरीची फडकी द्यायची, "आमच्याकडं ध्यान असू द्या खाजाभाई," म्हणायची. तोही ध्यान ठेवायचा. कुणी आजारी पडलं तर स्वतः घरी आणून सोडायचा.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या साली उन्हाळ्याच्या तोंडी तो दुपारच्या मोटारीनं एकटाच आला आणि स्वतःच्या घरी न जाता सारजाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. काखेत तिच्या नवऱ्याचं, बलभीमचं घोंगडं होतं.

सारजाबाई ओसरीवर तूर पाखडत होती. तिनं घोंगड्याकडं पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"वैनी, बलभीम गेला," खाजाभाई म्हणाला.

"कशानं?"

"दोर तुटला. गासड्या वर चालल्या होत्या, त्या खाली आल्या. हा बोटीच्या पोटात उभा होता. जागीच गेला. तरास न्हाय झाला त्याला."

सारजाबाईनं खाली पडलेले तुरीचे चार दाणे वेचून सुपात टाकले. मग तिनं विचारलं, "जेवला होता का?"

"व्हय. भाकरी खाऊनच कामावर चढला होता."

"अग्नी कुणी दिला?"

"टोळीतल्यांनीच. समदी गावचीच माणसं."

"म्या असायला पायजे होते," ती म्हणाली. तेवढ्यात आतून सासू बाहेर आली, तिला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, म्हणून सारजाबाई उठली. खाजाभाईनं घोंगडं ओसरीच्या कडेला ठेवलं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला, नसीमबीला खरं सांगितलं. बलभीम जागीच गेला नव्हता. दवाखान्यात दिवस मावळेपर्यंत होता, शुद्धीवर होता, आणि सारखं पाणी मागत होता. डॉक्टरांनी पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

"दिलं का न्हाय तुम्ही?" नसीमबीनं विचारलं.

"न्हाय दिलं."

नसीमबीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, तो तसाच राहिला.

खाजाभाई केवळ सांगावा घेऊन आलेला नव्हता. गोदीत आता नवी कचेरी झाली होती. कुठल्या टोळीला कुठली बोट द्यायची ते कचेरी ठरवायची, आणि टोळीत एक माणूस जरी कमी असला तरी तिचा कामासाठी पुकारा व्हायचा नाही. दोर तुटल्याच्या दुसऱ्या दिवशी टोळीतला आणखी एक जण घाबरून पळून गेला होता. त्याच्या जागी बलभीमच्याच ओळखीतला एक परगावचा माणूस मिळाला. बलभीमची जागा रिकामीच होती. ती भरेपर्यंत सगळी टोळी गोदीच्या फाटकाबाहेर बसून होती, आणि फार दिवस बसली तर कचेरी टोळीच मोडून टाकणार होती.

दुसऱ्या दिवशी खाजाभाई माणूस शोधायला निघाला. दर साली नको म्हणायची पाळी यायची, एवढी माणसं दारात असायची. या खेपेला लोक त्याला बसायला पोतं टाकायचे, चहा द्यायचे आणि मग पीकपाण्याचं बोलायचे. दगडोबा पूर्वी त्याच्याच टोळीत होता. कंबर धरल्यावर गावी आला होता. त्याला दोन तरणे मुलगे होते.

"थोरल्याला द्या माझ्यासंगं," खाजाभाई म्हणाला. "तुमच्या हातची टोळी हाय, दगडोबा. मोडंल ती."

"मोडू द्या की."

"त्यात गावची माणसं हायत."

"म्हणूनच म्हणतो, येऊ द्या त्यांना घरी." दगडोबानं कंबरेवरचा पट्टा सारखा केला. "रागावू नका खाजाभाई. तुमचं नाव वाईट न्हाय. पर बलभीमचं घोंगडं समद्या गावानं बघितलंय."

खाजाभाई जवळच्या सगळ्या खेड्यांत फिरला. कुठं लग्न निघालं होतं, कुठं विहीर खणायची होती. तुटलेल्या दोराबद्दल लोक विचारायचे आणि तोही खरं तेवढं सांगायचा. सांगून झाल्यावर त्यालाच पुढं बोलवेना.

शेवटी एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा धाकटा भाऊ आयुब शिलाईची मशीन झाकत होता. आयुब शिंपीकाम करायचा. त्याची आई तो रांगत असतानाच गेली होती, आणि नुकतीच लग्न होऊन आलेल्या नसीमबीनं त्याला वाढवलं होतं. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, हात मात्र सफाईचा. लोहाऱ्यातल्या नवरदेवांचे कोट त्याच्याकडूनच शिवून जायचे. वर्षापूर्वी त्याचं लग्न झालं होतं. बायको शरिफाबी काज-बटणं करून द्यायची.

"भाईजान, म्या येतो," आयुब म्हणाला.

खाजाभाईनं मान वर केली नाही. नसीमबी चुलीपुढून म्हणाली, "तू गप बस. तुला पोतं उचलंल का?"

"बलभीमला तरी पयल्या दिशी कुठं उचलत होतं?"

"तू शिंपी हाइस."

आयुब चौकटीला टेकून बसला. "भाभी, निजाम गेला त्या गडबडीच्या साली बलभीमनं मला त्याच्या कडब्याच्या गंजीत ठेवलं होतं. बाहेर माणसं विचारत फिरत होती, तो गंजीवर बसून तमाखू मळत होता. तू रोज सारजाबाईकडनं माझी खबर घेत होतीस. आता त्याची जागा रिकामी हाय आणि त्यापायी समदी बसून हायत. म्या तिथं उभा ऱ्हातो. सारजाबाईच्या घरालाही माझ्याच्यानं होईल तेवढं बघतो. दुसरा माणूस मिळाला की येतो माघारी."

नसीमबीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो नाही म्हणेल असं तिला वाटत होतं. खाजाभाईनं पागोटं काढून मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "चार महिने. दसऱ्याच्या आत दुसरा माणूस बघतो."

"तुम्ही त्याला नेऊ लागलाव?"

"दुसरं कोण येतंय, सांग तू."

त्या रात्री शरिफाबीनं आयुबचा सदरा जाड कापडाचं अस्तर लावून खांद्यावर दुहेरी केला. सकाळी मोटारीत चढताना आयुब हसत होता. नसीमबी घरातून बाहेर आली नाही.

पहिले दोन महिने टोळीतून येणारी-जाणारी माणसं आयुबची खुशाली सांगत. त्याला गोण्या शिवायच्या कामावर ठेवलंय, फाटकी पोती सुईनं तो असा टाचतो की साहेब बघत राहतो. शरिफाबी हे ऐकून नसीमबीकडं पाहायची. तिला दिवस गेले होते. नसीमबीच्या मनातला राग हळूहळू कमी झाला होता, आणि सारजाबाई कधी आली तर दोघी शेजारी बसून शेंगा फोडायच्या.

मग गंधकाची बोट आली. गंधक सुटा होता, बोटीच्या पोटात नुसता ढीग. तिथं शिवायला पोती नव्हती. सगळ्यांनाच फावडी घेऊन आत उतरावं लागलं. धूळ उडायची. घामाला लागली की अंग जळायचं आणि डोळ्यांत गेली की माणसं भिंतीला धरून उभी राहायची. जुनी माणसं तोंडाला आणि कपाळाला फडकं बांधून, डोळे बारीक करून काम करत. आयुबला ते जमेना. डोळे चोळू नको असं खाजाभाई वरून ओरडून सांगत होता. बोट रिकामी होईपर्यंत एकालाही टोळी सोडता येत नव्हती. सोडली असती तर पुढचा पुकारा गेला असता. खाजाभाई भावाला संध्याकाळी नळाखाली धरायचा आणि सकाळी परत खाली उतरवायचा.

मोहरमच्या पंजांची सवारी गावात निघाली होती तेव्हा दोघं मोटारीतून उतरले. आयुबच्या डोळ्यांवर ओलं फडकं होतं आणि हात भावाच्या खांद्यावर होता. ढोल वाजत होते, म्हणून नसीमबीला हाक ऐकू आली नाही. दारात आल्यावर तिनं फडकं वर केलं. बुबुळांवर साय धरल्यासारखं झालं होतं.

"दिसतंय का रे?"

"उजेड दिसतो, भाभी. तू दिसतीस. तोंड न्हाय दिसत."

मुंबईच्या दवाखान्यात थेंब दिले होते. सोलापूरच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं दिव्याच्या उजेडात बराच वेळ पाहिलं आणि उशीर झाला म्हणाला. घरी गुलाबपाणी घातलं, बाळंत झालेल्या शेजारणीचं दूध घातलं. सोनारीच्या भैरोबाचा अंगारा सारजाबाई स्वतः जाऊन घेऊन आली. तो नसीमबीनं आयुबच्या कपाळाला लावला.

थोडं बरं वाटल्यावर आयुब मशीनवर बसला. सुईत दोरा शरिफाबी ओवून द्यायची, कापड तीच बेतायची. तो बोटांनी चाचपत शिवायचा. पहिल्यांदा कुणीतरी सदरा शिवायला टाकला, त्याची एक बाही उलटी बसली. तो माणूस सदरा तसाच घेऊन गेला. पण नंतर गिऱ्हाईक उमरग्याच्या बाजारातून तयार कपडे आणू लागलं. पुढं आयुबनं मशीनवर बसणं सोडलं. शरिफाबीला मुलगी झाली, तेव्हा त्यानं तिचं तोंड हातानं पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पुन्हा पुन्हा.

खाजाभाई परत मुंबईला गेला होता. बलभीमची जागा आता आयुबची झाली होती आणि ती पुन्हा रिकामी होती. या वेळी खाजाभाई माणूस न्यायला गावी आलाच नाही. दिवाळीनंतर तो आला तेव्हा हातात ट्रंक होती; कायमचाच आला होता. कचेरीनं टोळी मोडली होती. माणसं चार दुसऱ्या टोळ्यांत वाटून टाकली होती. मुकादम म्हणून त्याला कुठंच जागा उरली नव्हती.

"तू कशाला नाराज होतीस," तो नसीमबीला म्हणाला. "आता कुणाला न्हाय नेणार."

"मी काय म्हणाले?"

"बोलली न्हाईस, पर घरात वागतीस त्यावरनं कळतंय."

ती खरंच फारशी बोलत नव्हती. आयुबचे डोळे गेले तेव्हापासून तिनं नवऱ्याला ताट वाढलं, कपडे धुतले, त्याच्या तापात जागरणंही केली. त्याच्याजवळ बसणं मात्र तिनं सोडलं होतं. बसावं असं तिला कधीमधी वाटायचं. मग आयुब अंगणात काठी टेकवत चाललेला दिसायचा आणि ती दुसऱ्या कामाला लागायची.

पुढच्या साली पाऊस नीट झाला नाही. मृगात पेरलेलं वाळून गेलं. तेव्हा रेवणप्पा नावाचा माणूस गावात आला. तो गोदीजवळच्या कुठल्याशा वखारीसाठी माणसं गोळा करत होता आणि त्याच्याबरोबर ट्रक होता. त्याची ना कुणाशी ओळख होती ना नातं. कुणाचं घर कुठलं हे त्यानं विचारलं नाही. माणसं उभी केली, त्यांचे दंड दाबून पाहिले आणि ट्रकमध्ये बसायला सांगितलं.

खाजाभाई ट्रकजवळ गेला. दगडोबाचा थोरला मुलगा पिशवी घेऊन चढत होता. दगडोबा खाली उभा होता.

"दगडोबा, कुठं उतरवणार हायत ते तरी विचारा," खाजाभाई म्हणाला. "गंधक असला तर? वखारीत कुणाचा पुकारा न्हाय, कुणाची कचेरी न्हाय. माणूस पडला तर घोंगडंसुद्धा येणार न्हाय घरी."

"ठाव हाय मला."

"मग?"

दगडोबानं मुलाची पिशवी खालून वर ढकलली. "घरात दाणा न्हाय, खाजाभाई."

खाजाभाईनं मुलाला हात करून जवळ बोलावलं. "पोरा, डोळ्याला फडकं बांधत जा. चोळायचं न्हाय. दोराखाली उभं ऱ्हायचं न्हाय."

मुलानं मान हलवली. पलीकडून कुणीतरी रेवणप्पाला विचारत होतं की जेवण वखारीकडून का स्वतःचं. सगळे तिकडं बघू लागले, मुलगाही तिकडं वळला. ट्रकमध्ये एका कडेला सारजाबाई बसली होती. सांडलेलं धान्य झाडून गोळा करायला बायाही लागतात, असं रेवणप्पानं सांगितलं होतं. सासू वारली होती, मूलबाळ नव्हतं. तिनं खाजाभाईकडं पाहिलं, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि मांडीवरचं गाठोडं घट्ट धरलं.

"वैनी, तुम्ही नका जाऊ," तो म्हणाला.

"हितं ऱ्हाऊन काय करू?" सारजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

खाजाभाई ट्रकपासून मागं सरला. ड्रायव्हरनं हँडल मारलं.

नसीमबी घराच्या दारातून हे बघत होती. आयुब ओट्यावर मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. आवाजाच्या दिशेनं त्यानं मान केली.

"लई माणसं हायत का, भाभी?"

"लई हायत."

"भाईजान काय करतोय?"

नसीमबीनं पाहिलं. ट्रक वळणावर गेला होता. माणसं पांगली होती. खाजाभाई रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि मागून बैलगाडी आली तरी बाजूला होत नव्हता. गाडीवान हाका मारत होता.

"उभा हाय," ती म्हणाली. थोडा वेळ तीही उभी राहिली. मग पायात चप्पल न घालताच रस्त्यावर गेली, नवऱ्याच्या दंडाला धरलं आणि त्याला कडेला घेतलं. गाडी निघून गेली. घराकडं यायला दोघांना बराच वेळ लागला.