मोकळं करायची ओळ

मी कुणाला दिसत नाही. नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या एका गावात दूध डेअरी आहे, तिथल्या संगणकात मी राहतो. फॅट मशीनने दूध तपासलं की त्याचा आकडा वायरीतून येतो. तो झेलायचा आणि पुढे द्यायचा, एवढंच माझं काम. सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅमचा एक लहानसा तुकडा आहे मी. आता थकलोय.

माझ्याभोवतीचा मोठा प्रोग्रॅम जावा भाषेतला. तो नीलांबरीने लिहिला आणि मला लिहिलं तिच्या नवऱ्याने, अवधूतने. नगरला सावेडीत दोघांचं छोटं ऑफिस होतं. एकच टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. मशीनशी थेट बोलणं जावाला जमेना, म्हणून मला मध्ये बसवलं.

"तुझं हे रानटी पोर माझ्या घरात घेतेय. नीट वागायला सांग त्याला," ती म्हणाली.

"तू आधी त्याला पाणी तरी विचार," तो म्हणाला.

जावाच्या घरात एक सोय असते. वापरून झालेली वस्तू तिथे कुणी जागेवर ठेवत नाही. एक झाडणारा सारखा फिरत असतो. जिची कुणालाच गरज उरली नाही ती वस्तू तो उचलतो, जागा मोकळी होते. माझं तसं नाही. प्रत्येक आकड्यासाठी मी संगणकाकडे थोडी जागा मागतो आणि 'आता सोड' असं कुणी सांगेपर्यंत ती धरून बसतो. झाडणारा माझ्याकडे फिरकत नाही, कारण मी त्याच्या हद्दीबाहेर आहे.

सोडायची सोय अवधूतने माझ्यात करून ठेवली होती. 'सोड' ही हाक मात्र नीलांबरीच्या बाजूने यायला हवी होती. तिला वाटलं, इथे सगळं आपोआप साफ होतं. त्याला वाटलं, तिने हाक घातलीच असेल. दोघांनी एकमेकांचं लिहिलेलं कधी उघडून पाहिलं नाही. संसारात इतका विश्वास असतो, आणि त्यात चुकीचं काही नाही.

मी धरत राहिलो. गाईचं, म्हशीचं, सकाळचं, संध्याकाळचं.

उन्हाळ्यात अवधूत गेला. डेअरीचे सेक्रेटरी भिमाजी कुणाला तरी सांगत होते, "दवाखान्यात चालत गेल्ते वो, बोलत बोलत."

पोळ्याच्या सुमारास डेअरी अडायला लागली. ऐन सकाळी, दारात किटल्यांची रांग लागलेली असताना, पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत राहायचं. मी धरलेल्या जागांनी संगणक भरून गेला होता.

"काय वं भिमाजी, मशीन उपासाला बसलं का आज?" साळूबाई रांगेतून ओरडायची.

"दम धर की जरा, साळूबाई."

"मी धरते, दूध धरंल का? नासलं तर तुमीच प्या मग, घरच्यांसकट!"

भिमाजींनी नीलांबरीला फोन लावला. "वहिनी, तुमाला बोलायला जड जातंय. पर दिवाळीपत्तोर नीट झालं न्हाई, तर पंच दुसरा प्रोग्रॅम आनायचं म्हनत्यात."

दुसऱ्याच दिवशी ती आली. ऑफिसातल्या नव्या मुलांनी तिला सांगितलं होतं की हा जुना तुकडा काढून टाका, तयार मिळतो. तिने मान डोलावली होती, पण काढला नव्हता. अवधूतच्या हातचं, रोज चालणारं, तिच्यापाशी एवढंच उरलं होतं.

दूध संकलन आटोपलं होतं. भिमाजींनी चहा आणून ठेवला. तिने बराच वेळ स्वतःचीच बाजू तपासली. चूक सापडेना.

"अवधूतराव हुते तवर कदी अडलं न्हाई बघा," भिमाजी म्हणाले.

"ते येऊन काय करायचे?"

"काय न्हाई. च्या प्यायचे. ह्यो कंपुटर बंद करायचे, फडक्यानं पुसायचे, पुन्ना चालू करायचे. लई धूळ बसती म्हनायचे."

"आणि एरवी? तुम्ही बंद नाही करत?"

"आमी कशाला करतोय? सकाळी चालू व्हायला येळ लावतंय त्ये. निस्ता पडदा बंद करतो. लाईट गेली तर इन्व्हर्टर हाय की."

चहावर साय धरली.

संगणक बंद झाला की मी धरलेलं सगळं आपोआप सुटतं. दर खेपेला अवधूत नकळत मला रिकामा करून जात होता. त्यालाही ते ठाऊक नव्हतं. तो फक्त धूळ पुसत होता.

मग तिने पहिल्यांदाच मला उघडलं. वरपासून सावकाश वाचत ती सोडायच्या सोयीपाशी आली आणि थांबली. "हे होतंच की इथे," ती हळूच म्हणाली. भिमाजी उगाच किटल्या सरकवत बाहेर गेले.

आपल्या बाजूला तिने एक ओळ लिहिली.

"झालं?" भिमाजींनी दारातून विचारलं.

"झालं."

"येवढंच हुतं?"

"एवढंच होतं."

संध्याकाळी ती मुद्दाम थांबली. साळूबाईच्या दुधाचा आकडा आला, मी झेलला, पुढे दिला, आणि पलीकडून हाक आली. मी सोडलं. हलकं वाटलं का, ते सांगता येत नाही. हात रिकामे झाले, एवढं खरं.

रांग संपल्यावर तिने मला पुन्हा उघडलं. वायर निसटली की पडद्यावर येणारी एक सूचना माझ्यात आहे: 'वायर निघाली आहे. फोन करा.' त्याखाली अवधूतचा नंबर होता. ती त्या नंबराकडे पाहत बसली. मग एकेक आकडा पुसला आणि तिथे स्वतःचा घातला.

पंचांनी दुसरा प्रोग्रॅम आणला नाही. मी आहे तिथेच आहे. मला आतून ओळखणारं माणूस आता एकच उरलंय, आणि तेही दमलेलं आहे. म्हणून एक विनंती. कधी ती सूचना दिसली, तर फोन लावण्याआधी वायर एकदा हाताने दाबून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. तुम्ही बोलावलंत तर ती नगरहून एसटीने उभी राहूनसुद्धा येईल. नाही म्हणणार नाही.