तुडुमावरचा फोटो

मालगुजारी गेली तेव्हा उमरावांना फारसं दुःख झालं नाही. वसुलीची कटकट गेली, कचेरीच्या खेपा वाचल्या, बरंच झालं म्हणाले. पण पाठोपाठ तलावही सरकारजमा झाला आणि तहसिलीतून निरोप आला: यंदा तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, इंजिनियरसाहेबांच्या समोर उघडेल, आणि ज्या घराण्याने तलाव बांधला त्या घराण्याच्या हातून नारळ फुटेल. त्या दिवसापासून उमरावांच्या घशाखाली घास उतरेना.

कारण गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याच्या त्या गावात तलाव बांधणारी घराणी दोन होती. एक उमरावांचं, दुसरं त्यांच्या चुलतभावाचं, यादोरावचं. तलाव बांधला होता दोघांच्या पणजोबाने. म्हणजे घराणं एकच; पण तसं बोलून दाखवायची छाती गावात कोणाची नव्हती. आजवर एका साली उमराव तुडुम उघडत, पुढच्या साली यादोराव, आणि ज्याची पाळी नसे तो नेमका त्या दिवशी आजारी पडे. आता साहेब एकदा ज्याच्या हाती नारळ देईल, त्याच्याकडे तो मान कायमचा जाणार होता.

उमरावांनी बराच विचार करून ठरवलं, की फोटो काढायचा. मागे तलाव, दोन्ही बाजूंना घरची माणसं, मधोमध खुर्चीवर आपण. असा फोटो पंचायतीच्या भिंतीवर लागला, की साहेबाला काही विचारायची गरजच उरणार नाही.

गोंदियाला छोटेलालचा स्टुडिओ होता. गावात येऊन फोटो काढून द्यायला तो आनंदाने तयार झाला. पण उमरावांच्या मनात लगेच पाल चुकचुकली. आज हा आपल्यासाठी येईल, उद्या यादोने बोलावलं तर त्याच्यासाठीही येईल! तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथे तीन पायांवर एक भलीमोठी लाकडी पेटी उभी होती आणि तिच्यावर छोटेलालचा टॉवेल वाळत होता.

"वो क्या है?"

"कॅमेरा है, पटेल. रेल्वे का एक गोरा साहब छोड़ गया."

"चलता है?"

"साहब के साथ तो चलता था."

आणि एका फोटोसाठी उमरावांनी अख्खा कॅमेरा विकत घेतला.

बैलगाडीतून तो अंगणात उतरला तेव्हा त्यांची बायको कुंदाबाई धान पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "अजी, लोहाराचा भाता कायले आणला?"

तिचं तसं चुकलं नव्हतं. पुढे पितळेच्या कड्यात बसवलेलं भिंग, मागे दुधी काच, आणि दोन्हींच्या मधे घड्याघड्यांचा चामडी भाता. भात्याच्या आत अंधार लागतो. भिंगातून येईल तेवढाच उजेड आत यायचा; दुसरीकडून एक तिरीप जरी शिरली तरी फिल्म वाया जाते. छोटेलालने हे समजावून सांगितलं तेव्हा उमराव हसले होते. तलाव बांधणाऱ्याच्या पणतूला यात नवीन काय? तिथे पाणी राखायचं, इथे अंधार.

कामाला ते मनापासून लागले. चिंच लावून पितळ घासलं. फुगून बसलेलं लाकूड उन्हात ठेवून, हलक्या हाताने तासून, जवसाचं तेल पाजून सरकतं केलं. भिंगाची उघडझाप करणारी कमान मात्र मोडली होती. तिच्याऐवजी भिंगावर टोपण बसवलं. टोपण काढलं की उजेड आत, लावलं की बंद. मग मागची काच काढून त्यांनी पेटीत डोकं खुपसलं, वरून घोंगडी घेतली आणि कॅमेरा उन्हाकडे वळवला. भरदुपारी त्यांना भात्यात चांदण्या दिसल्या.

तलाव पाझरू लागला तर त्यांच्या घरात एकच रीत होती. पाझर बाहेर दिसला तरी माती लिंपायची ती आतून, पाण्याच्या अंगाने. त्याप्रमाणे उमरावांनी लाख वितळवून तिच्यात काजळी कालवली आणि भाता आतून लिंपून काढला. चांदण्या मावळल्या. पहिला फोटो त्यांनी कुंदाबाईचाच काढला आणि फिल्म धुवायला गोंदिया गाठलं.

छोटेलालने ओला कागद वर धरला आणि चेहरा गंभीर केला. "पटेल, भाभीजी को माता निकली थी क्या?"

कुंदाबाईच्या तोंडावर, लुगड्यावर, मागच्या भिंतीवरही काळे ठिपकेच ठिपके. भात्याच्या घड्या उघडमीट करताना वाळलेल्या लाखेचे कपचे उडून फिल्मवर पडले होते.

घरी कुंदाबाईने तो फोटो पाहिला. मग म्हणाली, "आतून काऊन लिंपलं?"

"पाण्याच्या अंगानं लिंपावं लागते. तुले का समजते?"

"मंग इथं पाणी कुठं हाये? उजेड तर भायेर हाये ना! मंग भायेरून लिंपा."

दुसऱ्या दिवशी उमरावांनी लाख खरवडली आणि शेळीच्या पातळ कातड्याच्या पट्ट्या बाहेरून चिकटवल्या, भाताच्या खळीने. खळीला झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घातला. पुढचा फोटो बैलांचा काढला. बैल स्वच्छ आले. हे आपल्याला आधीच सुचलं होतं, असं ते गावभर सांगत फिरले.

मग ठरलेल्या सकाळी सगळं घर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमलं. ठेवणीतली लुगडी निघाली, मधे खुर्ची मांडली. मागे तुडुमाच्या खांबाला हात लावून यादोराव उभा होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. गंमत पाहायला आला होता. त्याला हटवायचं म्हणजे त्याची दखल घ्यायची, म्हणून उमरावांनी तिकडे पाहिलंच नाही. एवढ्या लांबून तो मुंगीएवढा दिसेल.

छोटेलालने एक गोष्ट बजावून सांगितली होती: जवळचं-लांबचं सगळं रेखीव हवं असेल तर भिंगाचं भोक बारीक ठेवायचं, पण मग टोपण थोडा वेळ उघडं राहू द्यावं लागतं, आणि तेवढा वेळ कोणी हलायचं नाही.

"टोपण मी काढू का?" कुंदाबाईने विचारलं. "तुमी आरामात बसा."

"म्हणजे लोक म्हणतीन, फोटो बायकोनं काढला. नोको."

उमरावांनी टोपण काढलं, धोतर सावरत धावले, खुर्चीवर बसले, छाती फुगवली, मनात चार अंक मोजले, उठले आणि धावत जाऊन टोपण लावलं. सगळे दगडासारखे बसून होते. यादोराव तर हसू दाबण्यासाठी श्वास रोखून उभा होता.

फिल्म छोटेलालकडे गेली. मोठा फोटो कर, फ्रेम लाव आणि मोटारीने थेट पंचायतीत पाठव, असा उमरावांचा निरोप होता. मधे यादोच्या हाती लागायला नको!

तुडुम उघडायच्या दिवशी साहेब जीपने आले आणि पंचायतीत शिरताच भिंतीपुढे थांबले. उमरावही पुढे झाले. फोटो त्यांनीही तेव्हाच पाहिला.

तलाव सुरेख आला होता. माणसं रेखीव आली होती. तुडुमाच्या खांबाला हात लावून उभा असलेला यादोराव लहान होता, पण त्याच्या मिशीचा केसन् केस मोजता आला असता. मधली खुर्ची रिकामी होती. तिच्यावर चुलीच्या धुरासारखं काहीतरी पांढुरकं तरंगत होतं आणि त्यातून पलीकडचं पाणी दिसत होतं.

"ही खुर्ची रिकामी का?" साहेबांनी विचारलं.

उमरावांनी तोंड उघडलं. तो धूर मी आहे, असं कसं सांगायचं, ते त्यांना सुचेना. तेवढ्यात मागून यादोराव बोलला, "ते आमच्या पणजोबाची खुर्ची हाये, साहेब. मानाची. तिच्यावर कोणी बसत नाही."

साहेबांचे डोळे पाणावले. "आणि तुडुमाला हात लावून उभे आहेत, ते तुम्हीच ना?"

"हो जी."

नारळ यादोरावच्या हातात गेला.

"फोटो काढला कोणी? फार उत्तम आहे."

"मी," उमराव म्हणाले. एवढं मात्र खरं बोलता आलं.

"मग आजचाही तुम्हीच काढा."

नाही कसं म्हणणार? उमरावांनी कॅमेरा पाळीवर मांडला. यादोराव तुडुमापाशी नारळ उंच धरून उभा राहिला, साहेब शेजारी, गाव मागे. उमराव काळ्या घोंगडीत शिरले. भिंगातून येणारं चित्र दुधी काचेवर नेहमी उलटं पडतं. आकाश खाली होतं, तलाव वर, आणि यादोराव तलावाला पायांनी लटकून, डोकं खाली करून, हातातल्या नारळासह लोंबकळत होता. उमरावांनी त्याला नीट पाहून घेतलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

"दादा, हात दुखून राहिला ना!" बाहेरून यादोरावचा आवाज आला. "झालं का?"

चित्र केव्हाचं रेखीव झालं होतं.

"हलू नोको, यादो," घोंगडीतून उमराव म्हणाले. "जमून नाही राहिलं आजून."