चुऱ्याचा पहिला काप

मित्रांनो, मी ब्रेड भाजायचा एक जुना साचा आहे. बेकरीच्या मागच्या दाराशी पडलेलं मला बघून लोक खुशाल डबा म्हणतात. म्हणू देत. पण माझा जन्म भट्टीसाठी झाला होता, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

एका पत्रेवाल्याने जाड पत्रा कापून, कोपरे दुमडून, हातोडीने ठोकून मला घडवलं. बेकरीत आलो तेव्हा मालकांनी मला आतून तेल चोळलं आणि रिकामंच भट्टीत तापवलं. नवा साचा असा मुरवला नाही तर ब्रेड चिकटतो. मी चांगला मुरलो. मालकीणबाई बाकीच्या साच्यांना कडेने सुरी लावत, मला मात्र नुसतं उलटं करत आणि ब्रेड अलगद बाहेर येई. "हा आपला शहाणा," असं त्या म्हणत. मला उगाचच फुशारकी वाटे.

मग एका कोपऱ्याला चीर गेली. मऊ कणीक त्यातून बाहेर येऊन करपायला लागली आणि माझी रवानगी फळीखाली झाली. तिथे अंगावर पिठाची धूळ साचली, कोळ्याने संसार थाटला. इतकी वर्षं राबूनही कुणी साधं वळून बघत नव्हतं. वाईट वाटलं, का नाही वाटणार?

मला तिथून बाहेर काढलं ते चुऱ्यामुळे. हे एक तपकिरी, लांब कानांचं कुत्र्याचं पिल्लू कुठूनसं आलं आणि ब्रेड कापायच्या टेबलाखाली बसून पडलेला चुरा टिपायला लागलं, म्हणून त्याचं नाव चुऱ्या. मालकांच्या लेकीने मला घासूनपुसून त्याची ताटली केली. भट्टी सुटल्याचं दुःख होतंच, पण रोज सकाळी ते ओलं नाक पत्र्याला लागायचं, तेव्हा मला बरं वाटायचं.

मालक ब्रेडचा पहिला काप, म्हणजे कडेचा टणक तुकडा, माझ्यात टाकत. एका सकाळी चुऱ्याने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. मालकांना नवल वाटलं. त्यांनी स्वतः चव घेतली, तर कणीक जास्त आंबून ब्रेड आंबट झाला होता. सगळा घाणा बाजूला ठेवावा लागला, पण दुकानाची अब्रू वाचली. तेव्हापासून रिवाजच पडला. पहिला काप चुऱ्याचा, त्याने खाल्ला की मालक म्हणत, "पास!" आणि मगच दुकानाचं शटर वर जाई. "वाईट असेल ते हा तोंडात घेणारच नाही," असं ते गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत. साधा ब्रेड होता, त्याने काही बिघडलं नाही.

पुढे कोपऱ्यावरच्या हॉटेलाने मनुकांचा ब्रेड मागवायला सुरुवात केली. मालकांनी त्याचाही पहिला काप चुऱ्यापुढे ठेवला. त्याने एका दमात फस्त केला आणि माझा तळ चाटूनपुसून लख्ख केला.

"अहो, कुत्र्याला मनुका देत नाहीत," रोज सकाळी ब्रेड न्यायला येणाऱ्या नर्सबाई एकदा म्हणाल्या. "द्राक्षंही नाहीत. विचारा कुणाला तरी."

"तुम्ही माणसांची काळजी करा बाई, याचं नाक तुमच्या डॉक्टरांना भारी आहे," मालक हसले. "मागेही खाल्ल्यात त्याने. काही झालं का? बघा कसा टुणटुणीत आहे."

त्यांनी ते हसण्यावारी नेलं, त्याचा मला आजही राग येतो. पण राग तरी किती धरू? त्यांचा जीव होता त्याच्यावर.

एकदा मनुका भरपूर पडलेला एक ब्रेड मधोमध बसला. असा फसलेला ब्रेड विकता येत नाही. मालकांनी त्याचा अर्धा भाग मोडून माझ्यात टाकला. "आज तुझी चंगळ आहे लेका," ते म्हणाले. चुऱ्याची शेपटी माझ्या कडेवर टणटण आपटत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण पत्र्याला कुठलं तोंड?

दुपारी तो ओकला. "हावरटासारखं खाल्लंय, उपास पडला की बरं वाटेल," मालकीणबाई म्हणाल्या. कुणालाच त्यात विशेष वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पाण्यालाही उठेना. लेकीच्या लक्षात आलं की सकाळपासून त्याने लघवीसुद्धा केलेली नाही. तिचं धाबं दणाणलं. तिने त्याला रिक्षात घातलं, आणि माझ्यात उरलेले तुकडे डॉक्टरांना दाखवायला मलाही सोबत घेतलं. मालकही भट्टी सोडून रिक्षात बसले.

जनावरांच्या डॉक्टरांनी माझ्यातला एक तुकडा चिमटीत धरून पाहिला. "या मनुका कधी खाल्ल्या?"

"काल सकाळी," मालक म्हणाले. "पण याआधीही खायचा तो."

"आधी निभावलं, ते नशीब होतं. द्राक्षं, मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात. कुणाला थोड्याही बाधतात, कुणाला किती बाधतील याचा भरवसा नाही. कालच लगेच आणला असतात तर ओकारी करवून बाहेर काढलं असतं."

मालक खाली बसले. "मला वाटलं, त्याला कळतं," ते म्हणाले. डॉक्टर सलाइन लावायच्या कामाला लागले.

सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. मालक भट्टी सोडून त्याच्या उशाशी बसून राहत. ते आले की चुऱ्या पडल्यापडल्या शेपटी हलवी, रोज थोडी कमी. मग एका दुपारी ती हललीच नाही. मालक त्याच्या कानावरून हात फिरवत राहिले. शेवटी लेकीने त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.

नर्सबाई आल्या तेव्हा मालक ओट्यामागून बाहेर आले. "तुम्ही सांगितलं होतं. मी तुमची थट्टा केली," एवढंच म्हणाले. बाईंचे डोळे भरून आले.

आता लेकीने माझी चीर बुजवून घेतली आहे आणि ती माझ्यात रोज पाणी भरते. रस्त्यावरचे कुत्रे येऊन पितात. कुणी त्यांना चॉकलेट, कांदा घातलेलं काही किंवा कच्ची कणीक टाकायला लागलं की ती धावत येऊन हात धरते. माणसाला पचतं ते यांना मारू शकतं, असं समजावते. काही जण ऐकतात. काही जण हसतात, आणि तिच्या बापाचं हसणं आठवून माझ्या काळजात चर्र होतं.

मित्रांनो, कुत्र्याला लाडाने काही भरवण्याआधी ते त्याला चालतं का, हे जाणकाराला विचारा. त्याच्या नाकाला आंबलेलं कळतं. गोड वासामागचं विष कळत नाही. मालक चुऱ्यावर विश्वास ठेवून वाढत होते, चुऱ्या मालकांवर विश्वास ठेवून खात होता. त्या दोघांत माणूस एकच होता, आणि विचारायचं काम त्याचं होतं.