लोणच्याच्या बरणीचा कागद

माझा भाऊ कैफ म्हणजे घरात शेळी आणि मैदानावर वाघ. कॉलेजच्या फुटबॉल संघात तो खेळतो, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. अब्बा कुवेतला नोकरीला. त्यांनी बजावलं होतं, "पाय मोडून घेतलास तर इकडच्या मेडिकल तपासणीत नापास होशील, मग व्हिसा कोण देणार? बॉलला पाय लावल्याचं कळलं की कॉलेज बंद, सरळ इकडे यायचं." अम्मीच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तिलाही सांगितलं नव्हतं.

दोन हजार एकला संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. हरले मेले, पण उत्कृष्ट खेळाडूचा चषक कैफला मिळाला. पेपरात फोटो आला, नावासकट. चषक त्याने मित्राकडे लपवला. पेपर मी गादीखाली ठेवला. काय करू, एकुलता एक भाऊ माझा!

गुरुवारी बघते तर गादीखाली पेपरच नाही.

"अम्मी, इथला पेपर कुठाय?"

"तो होय? लोणच्याच्या बरणीला गुंडाळला. शेजारचे अहमदचाचा सकाळीच गेले ना कुवेतला, त्यांच्याकडे दिली अब्बांसाठी."

अम्मीला उर्दू वाचता येतं, मराठी नाही. फोटो तर आतल्या घडीत. मी कैफला गाठायला धावले.

कैफ ऐकून पायरीवर मटकन बसला. "मेलो मी, इफ्फत. आता कॉलेज संपलं."

"मग चषक घ्यायला नटून कशाला गेलास?" मी ओरडले आणि मलाच रडू फुटलं.

अब्बांचा फोन शुक्रवारी यायचा, त्यांच्या सुट्टीला. जुम्म्याच्या नमाजाहून आल्यापासून कैफ फोनसमोर बसून. अम्मीने सुरमई तळली होती, त्याने घासही घेतला नाही. बेल वाजली तेव्हा तो मागेच सरकला, म्हणून रिसीव्हर मीच उचलून त्याच्या कानाला लावला आणि माझाही कान चिकटवला.

लाइनवर खरखर होती.

"बरणीचं झाकण सुटलं," अब्बा म्हणाले.

"जी."

"पेपर सगळा तेलाने भिजलाय."

"जी, अब्बा."

"नाव तेवढं वाचता येतं, तुझं तोंड दिसत नाही. खोलीतले सगळे विचारतात, हा तुमचाच का." अब्बा खाकरले. "कोरडा पेपर मिळाला तर पाठव. भिंतीला लावायचाय. आणि गुडघे बांधून खेळत जा, गाढवा!"

कैफला 'जी'सुद्धा म्हणता येईना. मग मीच म्हटलं.